बावीस वळणांचा घाट

ता. ३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न., आणि पुढे जे काय लिहायचं असतं ते सगळं.

मी खुशाल आहे, कारखान्यात अजून टिकून आहे. डोंगरातली सायकल शर्यत आहे, चार दिवसांची. तिघांचा संघ लागतो. मी, आमचा नळवाला आणि माझा खोलीसोबती सुतार. सायकली मालकाने वापरायला दिल्यात, दुरुस्ती माझ्याकडे. नियम असा की तिघांनी रोज एकत्रच रेघ ओलांडायची. एक मागे राहिला की तिघांची वेळ तीच, आणि एक बसला की तिघे बाद.

पाचवीत शाळा सोडली, चार नोकऱ्या सोडल्या. हे एक तरी मला शेवटपर्यंत न्यायचंय. अडचण सुताराची. दम आहे, पण घाई म्हणून नाही. आपल्याकडे सुट्टीत येऊन गेल्यापासून तर जास्तच संथ झालाय. त्याला तुझं पत्र आलं की रंधा बाजूला ठेवून ते उलगडून बघत बसतो. खरं सांग, तुझ्या मनात काय आहे? मी कुणाला बोलणार नाही.

आईला नमस्कार. माया पातळ करू नकोस.
तुझा भिंगरी

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आईचे गुडघे बरे आहेत. तू डोंगरात जाणार म्हणून तिने तुला आणि मला, दोघांनाही बोलून घेतलं.

विचारलंस म्हणून सांगते, आणि फक्त तुला. चौतिसाव्या वर्षी माझ्यापुढे काही रांग लागलेली नाही. माणूस मंद आहे. एक कप चहाला पाऊण तास लावतो. बरोबर चालायचं तर मला वाटेत उभं राहावं लागतं. पण गेल्या वेळी आला तेव्हा माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाचा डगडगता पाय त्याने न सांगता बदलला. आता मशीनवर बसले की तोच आठवतो. या वर्षी त्याने विचारलं तर मी हो म्हणणार आहे. नाइलाजाने नाही रे, मनापासून. हे त्याला माझ्या तोंडूनच कळू दे. पत्र फाडून टाक.

शर्यतीत त्याला सांभाळ. तुला सांभाळायला तो आहेच.
आहे तशीच राहो तुझी ओढ.
ताई

ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चौथे आलो. चाळीस संघांत चौथे! मी काहीतरी पुरं केलं, हे आईला जोरात सांग.

सगळं कसं झालं ते ऐक. पहिले दोन दिवस सुतार चढ आला की उतरून सायकल ढकलायचा. आम्ही वर जाऊन थांबायचो, थंडीने कुडकुडायचो. तिसऱ्या दिवशी बावीस वळणांचा घाट होता. माझ्या सीटला जुनी ट्यूब बांधून त्याला ओढत होतो, ती तिसऱ्या वळणावर तुटली. नळवाला म्हणाला, टाक त्याला दरीत. मग मला तुझं पत्र आठवलं. खिशातच होतं, फाडायचं राहिलं होतं.

दर वळणाला थांबून एक वाक्य त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आधी रांगेचं. त्याला वाटलं मी बनवून सांगतोय, म्हणून लांबूनच तुझं अक्षर दाखवलं. मग मंद. मग चहा. नळवाला हसून हसून सायकलवरून पडायला आला होता, त्याला पाऊण तास, पाऊण तास अशी हाक मारत होता. टेबलाचं आणि पुढचं वाचलं नाही. ते ऐकून तो तिथेच दगडावर बसून राहिला असता.

आणि काम झालं. तो पॅडलवर उभा राहिला आणि आम्हाला मागे टाकून गेला. चौथ्या दिवशी तर आम्हालाच त्याला गाठता येईना. रेघेपाशी मात्र आमची वाट बघत उभा होता, नियम म्हणून.

परतल्यावर त्याने सायकल धुऊन, पुसून मालकाला दिली. खोलीतली वळकटी बांधली, हत्यारांची पेटी उचलली. जाताना एवढंच विचारलं, की त्या पत्रात पुढे आणखी काही होतं का. नळवाला समोर होता, मला हसू आवरेना, मी नाही म्हणालो. जरा मागाहून सांगू म्हटलं, तोवर तो जिना उतरून गेला होता. कुठे गेला ते माहीत नाही. तू दोन ओळी लिही, निवळेल. तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार तो?

राग धरू नकोस, चौथे आलोय.
भिंगरी

ता. २० एप्रिल

तुझं पत्र मिळालं. त्याचं तुझ्या दोन दिवस आधी आलं. चार ओळी. माझ्यावर राग नाही म्हणतो. कुणाचा नाइलाज होऊन राहणं त्याला जमणार नाही म्हणतो. पत्ता घातलेला नाही.

मी कुठे लिहू, ते तू सांग.

आईला तुझा चौथा नंबर जोरात सांगितला. बाकी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिची पत्रं मीच लिहीन. ती सांगेल ते, आणि तेवढंच. माझं हे शेवटचं. याला उत्तर धाडलंस तर आईपुढे बसून ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन.

ता. १४ मे

चि. भिंगरीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

ताई लिहून घेते आहे. तुमचा शर्यतीचा फोटो भिंतीवर लावलाय. येईल त्याला दाखवते. तू आणि तो नळवाला दात काढून हसताय, मधला सुतार भलतीकडेच बघतोय. दमला असेल बिचारा. त्याला दूध पाजत जा.

त्याचं हल्ली पत्र नाही. भांडलास की काय? तुझी जीभ मला माहीत आहे. असेल तसं मिटव आणि सुट्टीत त्याला घेऊन ये. ताईच्या मनात तो आहे, ती बोलली नाही तरी मला कळतं. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती, मी दटावून लिहायला लावलं.

तिला म्हटलं, तूही दोन शब्द घाल भावाला. तर म्हणते, जागा उरली नाही. मला वाचता येत नाही, पण अर्धा कागद कोरा आहे एवढं मला दिसतंय.

जपून राहा.
तुझी आई