तुझ्या पाइपाखालच्या बाटलीविषयी

चिरंजीव धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. (सत्तरीच्या माणसाला चिरंजीव म्हटलं म्हणून लिहिणारी हसते आहे. हसू दे.) तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही अजून माझं ऐकतात. पत्र सांगते मी, लिहिते आपली नात; तेव्हा एखादं वाक्य फार शहाण्यासारखं वाटलं तर ते तिचं समज.

तर तुझ्या डेअरीच्या सांडपाण्याच्या पाइपाखालचं नदीचं पाणी तिनं मागच्या बुधवारी तिच्या प्रदूषण मंडळाच्या कामासाठी तपासायला नेलं. मी बरोबर होते. बाटलीत हवेचा एकही बुडबुडा राहून चालत नाही, आणि पोरीनं दोनदा भरली तरी एक राहिलाच. शेवटी मीच बाटली पाण्यात आडवी धरून भरली आणि पाण्याखालीच बूच लावलं. साठ वर्षं नदीवर पाणी भरलंय, उगीच नाही. मग म्हणे ती पाच दिवस अंधारात ठेवायची. पाण्यातले जंतू घाण खातात आणि खाताना पाण्यातली हवा संपवतात; आधी किती होती, नंतर किती उरली, त्यावरून घाण मोजायची. वरच्या अंगाच्या पाण्यात भरपूर उरली. तुझ्या बाटलीत शून्य! इतकी घाण की मोजताच येईना. (अशा वेळी चमचाभर घेऊन त्यात बाटलीभर स्वच्छ पाणी घालतात आणि पुन्हा पाच दिवस थांबतात. पाणी घालणं तुला काय शिकवायचं म्हणा.)

तू म्हणशील, "अगं ताई, मी काय विष सोडतो? दूधच ना ते, पोरं पितात!" तेच तर, बाबा. टाक्या धुतलेलं दूध जंतूंनाही आवडतं. ते आडवा हात मारतात आणि मासे गुदमरतात.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा येईल. आकडा वाईट आला तर डेअरी बंद ठेवायची नोटीस, खाली सही हिची. साहेब म्हणाले, नात्यातलं आहे, दुसरा जाईल. ही म्हणाली, मामाआजोबांना नोटीस परक्यानं का द्यावी? वाघीण आहे, कुणाला भीत नाही.

तुझी,
ताई

ता. क. गुरुवारपुरता पाइप बंद ठेव, असं सांगणार होते. लिहिणारीनं पेन खाली ठेवलं. तेव्हा तसलं काही मी म्हटलेलं नाही.

आणखी ता. क. हे अक्षर शेजारच्या शिंप्याचं. पोरगी कामावर गेली आहे. वाघीणबिघीण काही नाही रे. ते शून्य आल्यापासून धड जेवली नाही. मामाआजोबा आता आपलं तोंड बघणार नाहीत म्हणते. डेअरीचं तुझं तू निस्तर, त्यासाठी हे पत्र नाही. गुरुवारी ती फाटकाबाहेर उभी राहील, आत यायची नाही. तू बाहेर ये आणि नेहमीसारखी "ए टिचभर!" अशी हाक मार. चहा मात्र बाटल्या भरून झाल्यावर दे. आधी दिलास तर त्याचीही नोंद करील.