सेनेटर होण्याआधीचा महिना

८ ऑक्टोबर १८७७, सोमवार
पक्षानं मलाच उभं केलं. स्टेट सेनेट! चौथीत शाळा सोडून छापखान्यात खिळे जुळवायला बसलेला लेम पॅक्स्टन. आज 'क्लॅरियन' पेपरचा मालक, पुढच्या महिन्यात सेनेटर. समोर ओबेड स्ट्राउट, गिरणीवाला. वाचतो फक्त पोत्यावरचं. काळजी नाही.
संकल्प: रोज एका अनोळखी माणसाशी बोलायचं.

९ ऑक्टोबर
आज वारा फार. उद्यापासून.

१३ ऑक्टोबर, शनिवार
बाजारात भाषण. गाडीवर चढलो. माणसं बघितली. उतरलो.
माझा म्हातारा जुळारी ओटमार म्हणतो, मालक, नुसती जांभई दिली असती तरी आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. त्याला राजकारण कळत नाही. गप्प बसण्यात वजन असतं. पेपरात बातमी मीच लिहिली: 'पॅक्स्टन यांचं भारदस्त भाषण.'

१६ ऑक्टोबर
अनोळखी माणसाशी बोललो! त्यानं विचारलं, मका कुठं दळून मिळेल? स्ट्राउटच्या गिरणीचा रस्ता सांगितला. पण बोललो.

२० ऑक्टोबर
स्ट्राउट घरोघर जातो, चुलीपाशी बसून मक्याची भाकरी खातो, पोरं खांद्यावर घेतो. स्वस्तातला प्रकार. बायको, ड्रुसिला, म्हणाली, तूही जा की. म्हटलं, माझा पेपर जातो घरोघर. म्हणाली, मग सेनेटात पण पेपरच पाठव.
ती रागावली की मी छापखान्यात झोपतो. तिथं विचार चांगले सुचतात.

२९ ऑक्टोबर
सुचलं!! मतचिठ्ठ्या ज्या त्या पक्षानं आपल्या छापायच्या असतात. आमची गुलाबी, त्यांची पिवळी. मतदार ती सगळ्यांदेखत पेटीत टाकतो, लांबूनही रंग दिसतो. तर माझ्या चिठ्ठीच्या मागं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर! पेरणी कधी, थंडी कधी, सगळं. कुणी फेकणारच नाही.
ओटमार म्हणाला, मालक, फेकणार नाही ते खरं, पण पेटीत तरी टाकतील का? त्याला म्हटलं, तू खिळे जुळव.

३ नोव्हेंबर
सगळ्या चिठ्ठ्या संपल्या! लोक एकेका घरात तीन-तीन नेतात. म्हातारी मिसेस क्रिचलो म्हणाली, लेम, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कामाचं छापलंस बघ. जिंकलो. आभाराचं भाषण लिहायला घेतलं. कुणाकडून तरी वाचून घेईन.

६ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ
मतदान. नवा कोट. पहिलं मत माझं. गाव बघेल.

तोच दिवस, संध्याकाळ
मतदानाच्या दारात पोचलो तर खिशात चिठ्ठी नाही. ड्रुसिलानं माझीच स्वयंपाकघरात टांगलेली. आमचा माणूस समोरच होता, हातात आजच्यासाठी राखलेल्या गुलाबी चिठ्ठ्या. मागणार होतो, पण त्याच्याभोवती चार जण उभे होते. तेवढ्यात स्ट्राउटचा मेव्हणा आला, काय लेम, हात रिकामेच? घे. पिवळी हातात कोंबली. नको म्हणायला तोंड उघडलं. सगळे बघत होते. थँक्यू म्हणालो. पेटीत टाकली.
एकदम शांतता. छाप पडली असणार. मोठ्या मनाची माणसं विरोधकालाच मत देतात म्हणे.

७ नोव्हेंबर
हरलो. ओटमार रांगेत माझ्या मागंच होता. सांगत होता, लोक म्हणाले, खुद्द लेमनंच पिवळी टाकली, तर आपण कशाला मागं राहायचं? कॅलेंडर न्या घरी.
मी विचारलं, तू?
म्हणाला, मी गुलाबीच टाकली, मालक. आपल्या पेटीत तेवढी एकच निघाली, आणि टाकताना मला सगळ्यांनी बघितलेलं. आता गिरणीवर मला चिडवतात.

१० नोव्हेंबर, शनिवार
सेनेटर स्ट्राउट छापखान्यात आला. म्हणाला, लेम, ते कॅलेंडर उरलंय का एखादं? बायको मागं लागलीय.
शेवटचं टेबलावरच होतं. नको म्हणायला तोंड उघडलं.
दिलं. वर थँक्यूही मीच म्हणालो.