पार्किंगमधली पेटी

बाई, आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा मी पेटी वाजवली. आधी बसून घ्या, म्हणजे तुम्ही जिथे कुठे असाल तिथे बसायची सोय असेल तर. आणि पुढचं वाक्य वाचण्याआधी घोटभर पाणीही प्या. ती पेटी लॅपटॉपमध्ये होती. तिला भाता नव्हता, पट्ट्या नव्हत्या, आणि मी ती ज्या बटणांवर वाजवली तसल्याच बटणांवर जन्मभर विमा ऑफिसात पत्रं टाइप केली आहेत. तुमचा चेहरा मला इथून दिसतोय.

मी तुम्हाला आठवत असेन असं नाही. नारायण पेठेतल्या तुमच्या त्या दोन खोल्यांत किती मुली आल्या नि गेल्या. आम्ही पुढच्या खोलीत पेट्या घेऊन बसायचो आणि तुम्ही आत स्वयंपाकघरात, आमच्याकडे पाठ करून, भेंडी चिरत असायचात. विळीचा आवाज थांबला की आमची बोटं पट्ट्यांवर थबकायची. आतून तुमचा सूर यायचा, "गंधार कोमल आहे. आणि जिची चप्पल दारात आडवी पडली आहे तिनं ती सरळ करावी." पाठीला डोळे असलेली माणसं असतात म्हणे, तुमच्या पाठीला कान होते. तुम्ही 'तू' म्हणत होतात तोवर सगळं ठीक असायचं. 'आपण' आलं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

माझ्या वाट्याला 'आपण' आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. तुम्ही मला एका लहान मुलीच्या गाण्याला साथ करायला बसवलंय. ती पोर घाबरलेली, दर ओळीला धाप लागतेय. ती मागे पडतेय आणि मी मात्र एकही मात्रा न सोडता सुसाट निघाले आहे. मला वाटतंय, आज बाई खूश होणार. तुम्ही ओल्या हातानंच बाहेर येता आणि माझ्या पेटीचा भाता दाबून धरता. पेटी मेल्यासारखी गप्प होते. "ती श्वास घेत होती. तू काय करत होतीस?" मी म्हणते, "बाई, मी तालात होते." तुम्ही म्हणता, "हो, आपण तालातच होतात. फक्त आपण एकट्याच होतात." पुढच्या आठवड्यात तुम्ही आईला बोलावून सांगितलंत, "हिची बोटं चांगली आहेत, पण कान घरी ठेवून येते. शिवण शिकवा." आईनं शिवण शिकवलं. ब्लाउज मी फार चांगला शिवते, बाई. पेटीला मात्र त्यानंतर हात लावला नाही. कुठे पेटी दिसली की आजही हात पदराखाली घेते.

आता वारज्यात राहते. निवृत्त झाल्यावर दुपारी काय करायचं हा प्रश्न होता. झोपावं तर रात्रीची झोप उडते, आणि मालिका बघाव्यात तर त्यातल्या सुनांचा राग येतो. खालच्या मजल्यावर अमरावतीची एक मुलगी भाड्यानं राहते, आयटीत आहे. तिच्याकडे विरजण मागायला गेले तर ती लॅपटॉपवर रंगीत चौकोन सरकवत होती आणि त्यातून गाणं वाजत होतं. मी बघत उभी राहिले. विरजण विसरून तासाभरानं रिकामी वाटी घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी तिनंच माझ्या लॅपटॉपवर ते गाणी जुळवायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. फुकट मिळतं आणि नवशिक्यांसाठीच केलेलं आहे. एक ओळ ढोलकीची, एक तंबोऱ्याची, एक पेटीची. प्रत्येक ओळीत चौकोन आणून टाकायचे, लांब करायचे, कापायचे. ते सगळे एकदम वाजतात. कापड बेतण्यासारखंच कातरकाम होतं ते, त्यामुळे मला लगेच जमलं. मी तरी बिचकत होते. ती म्हणाली, "काऊन घाबरून राहिल्या काकू? काही नाही होत जी. चुकलं तर हा उलटा बाण दाबायचा, चूक गायब." बाई, तुमच्याकडे असा बाण नव्हता.

भारतीय वाद्यांच्या कप्प्यात सतार, तबला आणि का कोण जाणे घुबडाचा आवाज होता. पेटी सापडायलाच मला बरेच दिवस लागले. त्याहून भारी म्हणजे एक बटण आहे. ते दाबलं की पुढेमागे पडलेले सूर प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखे गपचूप ओळीत येऊन उभे राहतात. वाजवायचं कसंही, दिसायचं पंडितासारखं. मी ते बटण इतकं दाबलं की बिचारं झिजत नाही म्हणून बरं. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "फ्रिज पुन्हा आवाज करायला लागला का गं?"

तर गणपतीत पेटी वाजवणारे सोसायटीतले काका यंदा मुलाकडे बंगळुरूला गेले. चेअरमन म्हणाले, "ब्लूटूथवर तयार आरत्या लावू. त्या चुकत तरी नाहीत." तेव्हा ती अमरावतीची मुलगी भर मीटिंगमध्ये बोलून गेली, "आपल्या काकू करून देतात ना!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले. खरं सांगू? लोकांनी गावं आणि आपण वाजवावं, हे आयुष्यात एकदा तरी मला हवं होतं. शिवणाच्या मशीनवर पाय मारताना कितीदा तरी मी मनात आरतीच वाजवली आहे.

मी झटून तयारी केली. पाच आरत्या ठरलेल्या क्रमानं, एकाच लयीत, दोन आरत्यांच्या मध्ये बरोबर सारखी जागा सोडून, आणि प्रत्येक सूर त्या बटणानं ओळीत उभा केलेला. बुधवार पेठेत स्पीकरची वायर आणायला गेले तेव्हा दुकानदाराला हे सगळं सांगायला लागले. तो म्हणाला, "काकू, वायर हवीये की श्रोता?" मी वायर घेतली आणि आले.

आणि बाई, मी एक गोष्ट विसरले, जी पुण्यातलं शेंबडं पोरही जाणतं. आरती एका लयीत कोणी म्हणतं का? पहिलं कडवं सगळे भक्तिभावानं म्हणतात, दुसऱ्याला टाळ्या तापतात, आणि शेवटच्याला सगळे स्वारगेटहून शेवटची बस पकडायची असल्यासारखे धावत सुटतात. शिवाय क्रम देवाच्या हाती. मध्येच कोणीतरी म्हणतं, "देवीची राहिली!" आणि देवी आत घुसते. त्यात बी विंगचे आजोबा. दरवर्षी शेवटच्या आरतीत एक शब्द ते दम संपेपर्यंत लांबवतात, आणि तो संपेपर्यंत पुढे जायची कोणाची छाती नाही.

पहिल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये मी बटण दाबलं. आधी स्पीकरमधून 'टिक टिक टिक टिक' आलं, कारण ताल मोजायचा ठोका बंद करायला विसरले होते. लोकांना वाटलं काही नवीन आहे, त्यांनी त्यावर टाळ्या धरल्या. दुसऱ्या कडव्याला मंडळी माझ्या एक ओळ पुढे होती, तिसऱ्याला दोन. मग देवी घुसली. आजोबांनी शब्द ताणला, पण माझी पेटी त्यांना ओलांडून सरळ निघून गेली. आजोबांनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी जेवताना पाटावरून उठवावं. शेवटी सगळे हात जोडून, डोळे मिटून मंत्रपुष्पांजलीला लागले तेव्हा माझी चौथी आरती ढोलकीसकट जोरात चालू होती. बंद करायला गेले तर घुबड वाजलं. चेअरमन प्रसादाची वाटी हातात देत म्हणाले, "वहिनी, छानच. आमच्या गाण्याचा तुम्हाला त्रास नाही ना झाला?"

मी एकटीच तालात होते, बाई. सगळ्या सोसायटीसमोर.

उद्यापासून ब्लूटूथ, असं ठरत होतं. मी म्हटलं, "मला उद्याचा एक दिवस द्या." चेअरमन म्हणाले, "द्या बुवा. गणपती दहा दिवस आहे, सहन करतो तो." दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते सगळे रंगीत चौकोन पुसून टाकले. त्यात एक सोय आहे: लॅपटॉपची मधली अक्षरांची ओळ पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांसारखी वाजते आणि वरची काळ्या पट्ट्यांसारखी. ती मुलगी म्हणाली, "काकू, पण मग ते ओळीत आणायचं बटण नाही चालणार जी. जसं वाजवसाल तसंच ऐकू येईल." माझे हात पदराखाली गेले. मग मी ते बाहेर काढले.

संध्याकाळी वाजवलं. भयंकर वाजवलं. एकदा भलतंच बटण लागून आख्खी पेटी खालच्या सप्तकात गेली आणि पार्किंगमध्ये म्हैस शिरल्यासारखं वाटलं. पण मी पडद्याकडे बघत नव्हते. लोकांच्या तोंडाकडे बघत होते. ते धावले की मी धावत होते, ते श्वासाला थांबले की मी बोट उचलत होते. मग आजोबांचा शब्द आला. मी त्या सुराचं अक्षर दाबून धरलं आणि थांबले. आता या पेटीला भाता नाही, म्हणजे दमही संपत नाही. आजोबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी छाती भरली, लाल झाले, मानेच्या शिरा फुगल्या. मी बोट हलवलं नाही. पोरं श्वास रोखून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "अहो बाबा, बीपी!" शेवटी त्यांचा दम जातोय हे त्यांच्या ओठांवरून कळलं, आणि त्याच क्षणी मी बोट उचललं. दोघं एकदम सुटलो. आख्खं पार्किंग हसलं, आणि पुढची ओळ सगळ्यांनी एकत्र उचलली, माझ्यासकट. माझे डोळे भरून आले होते, मला अक्षरं दिसत नव्हती, तरी चुकले नाही.

चेअरमन एवढंच म्हणाले, "उद्या आहात ना?" पुण्यात याहून जास्त कोणी म्हणत नाही. दहाही दिवस मीच वाजवलं.

त्या दिवसापासून सगळे विचारतात, कोणाकडे शिकलात. मी तुमचं नाव सांगते. मग एकेकाला वाटतं, तुम्ही असतात तर किती कौतुक केलं असतंत. मी मान डोलावते. हे पत्र लिहायला बसले तेव्हा तसंच काहीतरी लिहायचं होतं. पण पत्र पाठवायचंच नाही तर खोटं कशाला लिहू? तुम्ही असतात आणि तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसला असतात, तर मी लॅपटॉप उघडलाच नसता. तुमची आठवण मला रोज येते, बाई. पण त्या संध्याकाळी तुम्ही नव्हतात, याचं मला मनापासून बरं वाटलं.