कुंपणाबाहेरची खुर्ची

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या डोक्यावर जितके पांढरे केस होते त्याहून आज माझ्या डोक्यावर जास्त आहेत, तेव्हा थोडं बरोबरीने बोलायला हरकत नसावी. त्या उन्हाळ्यात तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं होतं. उत्तर अचूक होतं. पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं, हे कळेपर्यंत तुम्ही नव्हतात.

तुम्ही आलात ते माझा इथला, ट्रॉय गावातला संसार मोडल्यावर. तसं म्हणाला नाहीत, म्हणालात, "म्हटलं, अमेरिका बघून घ्यावी." अमेरिकेत बघितलंत काय, तर मक्याची शेतं आणि माझं तारेचं कुंपण. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. मी इलिनॉयमधल्या एका विद्यापीठात झाडांच्या संकरावर काम करत होते, आणि झाड होतं भांगेचं. त्यामुळे सरकारी परवाना, काटेरी तार, फाटकाला दोन कुलुपं आणि फाटकाशी एक आडदांड म्हातारा पहारेकरी. पहिल्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा सदरा आणि काळी टोपी घालून तिथे पोचलात, तर तो म्हणाला, "सॉरी सर, नो व्हिजिटर्स." आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाच्या इंग्रजीत तुम्ही त्याला सांगितलंत, "आय ॲम नॉट अ व्हिजिटर. आय ॲम हर फादर." त्याने नियम मोडला नाही, पण आपली घडीची खुर्ची आणून कुंपणाबाहेर मेपलच्या सावलीत मांडली. मग रोज सकाळी ती तिथे असायची. मी आत, तुम्ही बाहेर, मधे तार.

"संस्कृतात हिला मातुलानी म्हणतात," तुम्ही तारेतून म्हणालात. "म्हणजे मामी. मामीला एवढा बंदोबस्त?"

"मामी तशीच आहे, अण्णा."

मग तुम्ही काठीने रस्त्याकडेचा चर दाखवलात. तिथे तीच भांग उभी होती, कोणी न लावलेली, पुरुषभर उंच. पूर्वी इथे दोरखंडासाठी तिची शेती व्हायची, त्या वाणाची ही रानात गेलेली नातवंडं. "आणि या बाहेरच्या मावश्या?"

"त्यांना कोणी विचारत नाही."

"बरं आहे त्यांचं," तुम्ही म्हणालात आणि खुर्ची जरा त्यांच्याकडे वळवून बसलात.

त्या मावश्यांचा पराग वाऱ्यावर येतो, म्हणून माझी झाडं कागदी पिशव्यांत बांधलेली. तुम्ही विचारलंत, एवढं झाकून करतेस काय, आणि मी सांगू लागले. शिकवायला मला आवडतं, तो दोष तुमच्याकडचा. भांगेत नर झाड वेगळं, मादी वेगळी. पण एकाच झाडाचे गुण पक्के करायचे तर त्याचं त्याच्याशीच लग्न लावावं लागतं. मादीच्या एका फांदीवर चांदीच्या क्षाराचं पाणी फवारत राहिलं की त्या फांदीला नरफुलं येतात. तो पराग तिच्याच दुसऱ्या फांदीवर घालायचा आणि पिशवी बांधायची. बी धरतं, आणि त्यातून सगळ्या मुलीच निघतात.

"म्हणजे आई-बाप दोन्ही एकच," तुम्ही म्हणालात.

"हो."

"मग पोर कशी निपजते?"

हाच तो प्रश्न. मी पिशवीची गाठ मारत होते, मान वर केली नाही. सांगितलं की पहिल्या पिढीत फारसं कळत नाही, पण पुढे पुढे झाडं खुजी होतात, फिकी पडतात, रोगाला पटकन बळी जातात, बीही कमी धरतं. दडलेले दोष वर येतात. "उपाय?" तुम्ही विचारलंत. बाहेरचं रक्त, मी म्हटलं. दुसऱ्या वाणाशी संकर केला की पुढची पिढी एकदम जोमाने उठते.

"तेव्हाच करायला हवं होतं म्हणजे," तुम्ही म्हणालात.

"छे, आधीच करून कसं चालेल? आधी वाण शुद्ध नको का व्हायला?"

तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत. मी दुसऱ्या झाडाकडे गेल्यावर तुमचा आवाज आला, "वेणी मला कधी जमली नाही."

"जमायची की," मी म्हटलं. आणि विचारलं, जेवायला घरी जायचं का.

आई गेली तेव्हा मी पहिलीत होते. आत्या स्थळ घेऊन आली होती, तुम्ही "बघू" म्हणालात आणि मग आयुष्यभर बघितलं नाहीत. सांगलीच्या त्या स्वयंपाकघरात तुम्ही स्टोव्हपुढे बसलेले मला अजून दिसता. आमटी पहिले दोन महिने करपते आहे. पोळी कोणत्या देशाच्या नकाशासारखी झाली ते ओळखल्याशिवाय ती खायची नाही असा तुमचा नियम आहे, त्यामुळे माझा भूगोल चांगला आहे. आणि सकाळी मला पाटावर बसवून तुम्ही वेणी घालता. केसांचे तीन पेड. पहिला एकवचन, दुसरा द्विवचन, तिसरा बहुवचन. रामः, रामौ, रामाः, म्हणत तुम्ही पेड गुंफता, आणि एकवचन नेहमी हातातून निसटतं. वेणी डाव्या कानाकडे झुकते. "छान झाली," तुम्ही स्वतःलाच सांगता.

तुम्ही परत गेलात आणि त्याच हिवाळ्यात गेलात. इथे बर्फ पडत होतं, विमानं बंद होती; मी पोचले तेव्हा तुम्हाला अग्नी देऊन झाला होता. ओट्याशी आत्या एकटीच बसली होती. म्हणाली, "माझी जीभ झडो. तुझा काडीमोड कळला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, आईविना वाढवलीस, तिला संसार कुठून कळणार? बोलून गेले गं. तो दुसऱ्या दिवसापासून तिकिटाच्या मागे लागला."

तेव्हा मला खुर्ची आठवली. मांडीवरची टोपी आठवली.

पुढे आमच्या कामाचा पैसा आटला आणि परवान्याच्या नियमाप्रमाणे सगळी झाडं जाळावी लागली. जाळताना साक्षीदार लागतो. मी भट्टीपुढे उभी राहिले, शेवटचं झाड राख होईपर्यंत बघितलं आणि सही केली. तुमच्या वेळी मला कोणी साक्षीला बोलावलं नव्हतं, इथे मात्र माझ्यावाचून अडलं. पहारेकरी शेजारी टोपी काढून उभा होता. "युवर डॅड ओके?" त्याने विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मी मान हलवली, कशीही. खुर्ची अजून मेपलखाली होती, बर्फात भिजून तिचं कापड फाटलं होतं.

आता तुमचं उत्तर. एकट्याच्या वंशात दोष नव्याने शिरत नाही, अण्णा. जो मुळातच असतो तो दिसू लागतो, एवढंच. आणि गुण असतात तेही तसेच पक्के होतात. शिवाय संकराचा जोम पहिल्याच पिढीचा, पुढे तो ओसरत जातो, हे मी तेव्हा गाळलं होतं. चांगल्या मास्तराने गाळलं नसतं. माझा संसार मोडला तो आम्हा दोघांच्या हट्टाने. त्यात तुमच्या स्वयंपाकघराचा काही हात नव्हता. उलट, ट्रॉयच्या घरात काही चांगलं मी नेलं असेल तर ते त्या स्वयंपाकघरातलंच होतं.

हे मी कुठे पाठवणार नाही, तेव्हा वेणीचंही सांगून टाकते. शाळेत बाई मला रोज जवळ ओढायच्या, तुमची वेणी सोडायच्या आणि सरळ, घट्ट घालून द्यायच्या. संध्याकाळी आपल्या बोळाच्या तोंडाशी मी दप्तर खाली ठेवायचे, ती सोडायचे आणि पुन्हा घालायचे, सैल, डाव्या कानाकडे झुकलेली, हुबेहूब तुमच्यासारखी. तुम्ही दार उघडायचात, माझं डोकं वळवून बघायचात आणि खूश व्हायचात. "बघ, दिवसभर सुटली नाही."

रोज सुटायची, अण्णा.