छप्पन्नची बाजू

जर्सी सिटी
२५ सप्टेंबर २००७

श्री. विक्रमभावोजींस,
सरलावहिनीचा नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला जमत नाही. मागच्या वेळी तुमच्या कानातलं मशीन अशी शिट्टी मारायला लागलं की मीच फोन ठेवला. म्हणून पत्र. चुका काढत बसू नका. आणि माझ्या जाऊबाईला, विनीताला, वाचायला देऊ नका, ती माझ्या अक्षराला हसते.

यांची तब्येत वरवर बरी आहे. जेवतात, झोपतात, खाली नदीपर्यंत फिरून येतात. डोक्याचं मात्र खरं नाही. डॉक्टरने कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तर यांनी गोल काढला आणि आकड्यांच्या जागी खेळाडू उभे केले. डॉक्टर म्हणाला की हळूहळू माणसं पुसत जातील, आधी लांबची, मग जवळची. गाडीत बसल्यावर आमच्या इलाने मला ते मराठीत समजावून सांगितलं. ती रडत होती म्हणून मी रडले नाही. दोघीही रडलो असतो तर तिच्या घरी एडिसनपर्यंत गाडी कुणी चालवली असती?

आता मुद्द्याचं. परवा फुटबॉलमध्ये आपल्या जायंट्सनी वॉशिंग्टनवाल्यांना अगदी शेवटी, गोलरेषेच्या दारातच अडवलं. ते बघून हे खुर्चीतून उठले आणि म्हणाले की छप्पन्न असता तर इथवर येऊच दिलं नसतं, सगळ्यांत थोर लाइनबॅकर छप्पन्नच. माझ्या हातातली पळी हातातच राहिली.

मला त्या अमेरिकन फुटबॉलातलं एवढंच कळतं की रांगेच्या मागे उभं राहून जो येईल त्याला आडवा पाडायचा, तो लाइनबॅकर. खेळाडूंची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, पाठीवरचे नंबर तेवढे कळतात. पण यांचा त्रेपन्न आणि तुमचा छप्पन्न, हे मला झोपेतसुद्धा पाठ आहे. तुम्ही आमच्याकडे राहायचात तेव्हा दर रविवारी पोहे गार झाले त्यापायी. तुम्ही ट्रॉयला गेलात तर फोनवर तेच. ते दोघे खेळाडू खेळ सोडून घरी बसले, तुम्ही दोघे बसला नाहीत. आणि आता हे तुमच्या बाजूला गेले. स्वतःची बाजूच विसरले.

तुम्ही या. अजून तुमचं नाव घेतात. रविवारी शेजारची खुर्ची रिकामी ठेवतात, मला बसू देत नाहीत. लवकर या, एवढंच सांगते.

थोडं लिहिलं आहे, जास्त समजा. मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो कमी करू नका.

सरलावहिनी

ट्रॉय, मिशिगन
६ ऑक्टोबर २००७

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्ही नको म्हणालात तरी विनीताने वाचलं. हसली नाही. अंगणातली पानं गोळा करायला गेली.

दादा छप्पन्नच्या बाजूला गेला हे वाचून, खोटं कशाला सांगू, क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं. मग मी गॅरेजमध्ये जाऊन गाडीत नुसता बसून राहिलो. वहिनी, इतकी वर्षं ज्या दारावर धडका मारत होतो ते एकदम उघडलं, आणि आत कुणीच नाही, असं झालं.

माझं एक ऐका. त्याच्याशी भांडा. त्रेपन्नची बाजू आता तुम्ही घ्या, म्हणजे त्याला स्वतःचं बोलणं आठवेल. दादाचे सगळे मुद्दे मला पाठ आहेत. छप्पन्न कडेने वीज पडावी तसा यायचा, पण वीज आंधळ्यालाही कळते, असं दादा म्हणायचा. त्रेपन्न मधे उभा असायचा. समोरच्याच्या मनात डावीकडे वळायचं आलं की याच्या पायांना आधी कळायचं. छप्पन्नला मोकळं सुटता आलं ते मधली जागा त्रेपन्नने राखली म्हणून. दोघे कितीतरी वर्षं एकाच संघात खेळले, जिंकले ते एकत्रच जिंकले. मग वेगळं काढून मोजायचं कसं, असं मी म्हटलं की दादा चिडायचा.

येण्याबद्दल लिहिलंत. गुडघ्याचे उपचार चालू आहेत. जरा बरं वाटलं की बघतो.

दादाला नमस्कार. तुमच्या रागालाही नमस्कार, तो आमच्यावर असू द्या.

आपला,
विक्रम

जर्सी सिटी
२१ नोव्हेंबर २००७

श्री. विक्रमभावोजींस,
नमस्कार, वि. वि.

जायंट्स तुमच्या डेट्रॉइटला येऊन जिंकून गेले. तिथे बसून तुम्ही काय केलंत? गुडघा शेकलात ना? यांना वाटत होतं की तुम्ही त्या गर्दीत दिसाल. टीव्हीवर माणसं दाखवली की पुढे सरकून बघायचे.

तुमच्या सांगण्यावरून मी त्रेपन्नसाठी भांडायला गेले. दोन वाक्यांत संपलं. हे म्हणाले की तुला यातलं कळत नाही, तू चहा टाक. म्हणजे माणूस अजून शाबूत आहे म्हणायचा.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते सांगते. इतकं धुकं होतं की आमच्या खिडकीतून नदी नाही, मॅनहॅटन नाही, काही नाही. नुसतं पांढरं. हे खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले की मैदान मोकळं केलं बघ. मग मला एकेक दाखवायला लागले. मधे सत्तर नंबर उभा आहे. तो फार जुना, कोळशाच्या खाणीच्या गावचा. त्याच्या एका बाजूला त्रेपन्न, पार कडेला छप्पन्न, आणि हल्लीचा तो अठ्ठावन्न मागे उभा राहून सगळ्यांना हाका मारतोय. चौघे पाण्यावर उभे, कुणाचे पाय भिजत नाहीत, कुणी म्हातारा नाही. मी म्हटलं की सत्तर तर तुम्ही या देशात यायच्या आधीच खेळून गेला. हे म्हणाले की छे, मी त्याला कराडला बघितलाय. संगमावर धुक्यातून वर आला, तोंडाला कोळसा, आणि आमच्या कबड्डीच्या मैदानात मधोमध येऊन उभा राहिला. साखळी धरायला हात पुढे केला.

भावोजी, मला भांडायचं होतं. पण ते इतकं चांगलं सांगत होते की मीही बघायला लागले. खोटं नाही सांगत, मला पाण्यावर काहीतरी दिसलं. मग धुकं विरलं, फेरीबोट आली, आणि यांनी मला विचारलं की आपण इथे कशाला उभे आहोत.

रविवारी जुन्या कॅसेट लावते. त्यात छप्पन्न धावत सुटला की मला आमच्या गावचा कोपऱ्यावरचा गडी आठवतो, एकदम घोट्यावर झेप घालणारा. त्रेपन्न म्हणजे साखळीतला मधला. मला विचाराल तर दोघेही हवेत. पण माझं कोण ऐकतो.

थंडी पडली आहे, कानटोपी घालत जा. माया असू द्या, सबबी नकोत.

सरलावहिनी

ट्रॉय
९ डिसेंबर २००७

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं धुक्याचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की आता मलाही तो सत्तर संगमावर दिसतो.

तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. कराडच्या मैदानात साखळीतला मधला गडी दादाच होता. कोपऱ्यावर मी. त्याने माझं मनगट धरलेलं असायचं आणि वेळ आली की तो ते नुसतं दाबायचा. मी खाली घोट्यावर, तो वरून. मी खाली असायचो म्हणून माती माझ्या तोंडात जायची आणि शाबासकीही मलाच मिळायची, कारण लोकांना झेप दिसते. मनगट दाबलेलं दिसत नाही. इथे येऊन आम्ही त्रेपन्न आणि छप्पन्न बघितले, तेव्हा दोघांनीही आपापला माणूस लगेच निवडला.

गुडघ्याचं मी खोटं लिहिलं. गुडघा बरा आहे. वहिनी, मी आलो आणि त्याने विचारलं की आपण कोण, तर मी काय सांगू? इथे आहे तोवर मी त्याचा विक्रम आहे. त्या दारातून आत आलो की राहीन की नाही, माहीत नाही. मला भित्रा म्हणा.

विनीता म्हणते की म्हणणारच त्या.

आपला,
विक्रम

जर्सी सिटी
२२ जानेवारी २००८

श्री. विक्रमभावोजींस,
नमस्कार, वि. वि.

उत्तराला उशीर केला, कारण रागात लिहिलं तर अक्षर फारच वाईट येतं.

भित्रे तर तुम्ही आहातच. पण तुमची भीती तुमच्याजवळ ठेवा, यांच्या अंगावर घालू नका. मला यांनी मागच्या आठवड्यात विचारलं की बाई, तुमचे घरचे वाट बघत असतील ना. मी काय करावं, पळून जावं? मी म्हटलं की बघतात, पण आज इथेच जेवेन. मग जेवलो दोघं. भाजी चांगली झाली म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाले, तेही परक्या बाईला.

इला म्हणते की हे घर सोडा, माझ्याकडे एडिसनला या. उन्हाळ्यात जाऊ बहुतेक. मला एकटीला आता झेपत नाही, हे तुम्हालाच लिहिते, तिला सांगितलेलं नाही.

तुमचा फोटो ओळखतात. माझ्या लग्नातला, मिशीवाला. बोट ठेवून म्हणतात की हा माझा विक्रम. मी खोटी आशा लावत नाही. आत्ताचे तुम्ही, टकले, कानात मशीन, तुम्हाला ओळखतील की नाही ते देव जाणे. पण खुर्ची अजून ठेवतात.

परवा त्या भयंकर थंडीत जायंट्स जिंकले. आता तीन फेब्रुवारीला शेवटचा मोठा सामना, एकदाही न हरलेल्या संघाशी. हे यंदा समजून बघतील. पुढच्या वर्षीचं मी बोलणार नाही. तुम्ही या, आणि त्रेपन्नसाठी तुम्हीच भांडा. मला ते जमत नाही, माझं लक्ष कुकरकडे असतं.

यावर उत्तर नको, माणूस हवा. तरीही तुमचीच,

सरलावहिनी

ट्रॉय
२६ जानेवारी २००८

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

शुक्रवारच्या विमानाने येतो. विनीताने तिकीट काढलं, मला विचारलं नाही. त्याला माझं नाव सांगू नका. तो जो समजेल तो मी होईन.

विक्रम

जर्सी सिटी
१२ फेब्रुवारी २००८

श्री. विक्रमभावोजींस,
नमस्कार, वि. वि.

तुम्ही नीट पोचलात हे विनीताने कळवलं. विमानतळावर मी बोलले नाही म्हणून राग मानू नका. बोलले असते तर तुम्हाला जाऊ दिलं नसतं.

यांनी तुम्हाला या, बसा म्हटलं, अहोजाहो केलं, तेव्हा तुमचं तोंड मी बघितलं नाही. मुद्दाम आत गेले. पण भांडण सगळं ऐकलं. तुम्ही त्रेपन्नसाठी काय बोलत होतात हो! यांचीच वाक्यं, यांचाच हात वर करायचा झटका. आणि हे छप्पन्नसाठी असे उसळले की मला वाटलं शेजारची राधिका दार वाजवेल. तुम्हाला पुरतं हरवलं. जायंट्स जिंकले त्याहून यांना तुम्हाला हरवल्याचा आनंद जास्त झाला. कित्येक महिन्यांत इतकं हसले नव्हते. ती खुर्चीही तुम्हाला आपणहून दिली, हे माझ्या लक्षात आहे, तुमच्याही असू दे.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे.

तुम्ही गेल्यावर हे म्हणाले की पाहुणा भला माणूस आहे, फक्त हट्टी आहे, इलाच्या सासरचा का? मी हो म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं की तुम्ही तर जन्मभर त्रेपन्नचे, मग छप्पन्नसाठी एवढे का भांडलात? यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही डोकं माझंच गेलंय. म्हणाले की माझा त्रेपन्नच. अजूनही त्रेपन्नच. पण विक्रम इथे नाही ना. तो नसताना त्याच्या माणसाच्या बाजूने कुणीतरी बोलायला नको का?

भावोजी, सप्टेंबरपासून हे तेच करत होते. विसरले नव्हते. तुमच्या वाटणीचं बोलत होते. आणि आपण दोघे शहाणे इकडून तिकडे पत्रं लिहीत बसलो.

मी मोरीत जाऊन नळ सोडला. बाहेर आले तेव्हा हे म्हणाले की विक्रमला कळव, तुझी बाजू मी पडू दिली नाही म्हणून. तर कळवते आहे.

आता ऐका. मार्चमध्ये पुन्हा या. सामना नसला तरी कॅसेट आहेत. पाहुणे म्हणूनच या, इलाच्या सासरचे म्हणून या. मी विक्रम, मी विक्रम, असं मधेच सांगून घोटाळा करू नका. आणि त्रेपन्नसाठीच भांडा, जोर लावून भांडा. तुम्ही छप्पन्न म्हणालात तर यांना तुमची बाजू घ्यायला जागा राहणार नाही.

येताना विनीताला आणा. माझ्या अक्षराला हसू दे. आमच्यावर जो जीव आहे तो आहे तसाच राहू द्या.

सरलावहिनी