ग्रॉस नको, नेट द्या

१४ फेब्रुवारी, सकाळ
आणि म्हणे, खर्च म्हणजे गेलेले पैसे. हे दादानं मला सांगावं. ज्याच्या दुकानात तीन इस्त्र्या आणि त्यातली एक कायमची बंद, त्यानं. काल फोनवर परत तेच. एका शर्टाला किती कोळसा जातो ते मला माहीत असतं, तुझ्या पिक्चरवाल्या शेठला माहीत आहे का? मी म्हटलं, दादा, तीनशे वीस कोटींच्या पिक्चरला कोळशाचा हिशोब लावू नकोस. म्हणाला, मग कशाचा लावू? उत्तर तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात आईनं फोन घेतला.

उत्तर लिहून ठेवतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. जेवढा खर्च, त्याच्या तिप्पट कमाई. हा या धंद्यातला नियम आहे. शेठनं स्वतः सांगितलेला नाही, पण शेठच्या ड्रायव्हरनं सांगितलाय.

संकल्प: उद्यापासून रोज एक तास इंग्रजी.

१६ फेब्रुवारी
इंग्रजी सोमवारपासून. मधूनच सुरू केलं तर डोक्यात राहत नाही.

माझं काम साधं नाही. एजिंग. म्हणजे नवीन वस्तू जुनी करायची. सुतार प्लायचा कोरा करकरीत महाल उभा करतात, रंगारी रंग देतात, आणि मग मी जाऊन त्याला तीनशे वर्षांचा करतो. चहाचं पाणी, काजळी, तारेचा ब्रश, थोडी माती. एका भिंतीला अर्धा दिवस. मिस्त्री म्हणतात, तू हात लावलास की वस्तूची रया जाते. एवढी तारीफ ते कुणाचीच करत नाहीत.

सातवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, याचं काही खरं नाही. बरोबर होतं. सगळं खोटंच आहे, पण बजेट बघा.

२ मार्च
धाकट्या बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला. आई फोनवर रडत होती, धाकटी मागून आईला हसत होती. फी चाळीस हजार, भरायची शेवटची तारीख १२ जून. दादा काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं, फी माझ्याकडे लागली. दादानं विचारलं, नक्की? मी फोन ठेवला. काही प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे आपलाच अपमान करून घेणं.

नंतर धाकटीचा वेगळा फोन आला. म्हणाली, दादाचं मनावर घेऊ नकोस, पण नक्की ना? घरात सगळे एकाच माळेचे मणी.

९ मार्च
कारंजं आलं. खऱ्या संगमरवराचं, बोटीतून. डायरेक्टर साहेबांना खोटं चालत नाही. उतरवायला क्रेन, क्रेन आत यायला कंपाउंडची भिंत पाडली, मग भिंत परत बांधली. हिरोला पाण्याच्या आवाजात संवाद आठवत नाहीत, म्हणून कारंजं बंद ठेवलंय. मला त्याच्यावर शेवाळ रंगवायला सांगितलं. बंद कारंज्यावर शेवाळ जास्त शोभतं.

लंबू, म्हणजे माझा खोलीतला भाऊबंद, लाईटवाला, म्हणाला, यांना पैसा कुठं घालावा कळत नाही. मी त्याला तिप्पटचा नियम सांगितला. तो कूस बदलून झोपला. माहिती पचवायला वेळ लागतो.

२१ मार्च
आज माझ्या हातून पिक्चरचा मोठा फायदा झाला. सविस्तर लिहितो.

महालाच्या मुख्य खोलीला एक दार आलं. भेगा, उडालेला रंग, खिळे गंजलेले. मिस्त्री जेवायला गेलेले. जाताना म्हणाले, दार तयार कर. मी बघितलं, इतकं भंगार दार तीनशे वीस कोटींच्या पिक्चरला? भेगा बुजवल्या, घासलं, दोन हात पॉलिश मारलं. आरशासारखं झालं.

मिस्त्री आले आणि खालीच बसले. ते दार खरोखरचं जुनं होतं. कुठल्यातरी मोडलेल्या हवेलीतून बारा लाखांना आणलेलं, अस्सल जुनं दिसतं म्हणून. मिस्त्री म्हणाले, अरे गाढवा, बारा लाखांचा जुनेपणा तू घासून काढलास. मी म्हटलं, मिस्त्री, तो परत घालणं हेच तर आपलं काम. चहाचं पाणी, काजळी, तारेचा ब्रश. चार तासांत दार पहिल्यासारखं. संध्याकाळी डायरेक्टर साहेब आले, दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, हे बघा, हे खोट्यात येत नाही.

म्हणजे बारा लाखांचं काम मी एका पातेल्यात केलं. मिस्त्री म्हणतात कुणाला बोलू नकोस. त्यांना माझी भीती वाटायला लागली आहे.

२३ मार्च
इंग्रजीचा संकल्प चालू आहे. पुस्तक आणायचं बाकी.

११ एप्रिल
शेठकडचे पैसे संपले अशी अफवा. मी सगळ्यांना समजावलं की मोठ्या पिक्चरचे पैसे संपत नाहीत, फिरत असतात. तीन महिन्यांचा माझा ओव्हरटाइम फिरतोय, चौऱ्याऐंशी हजार.

जेवणात भाजी एकच झाली. हिरोच्या गाडीत मात्र तीन एसी. असंच पाहिजे. लोक तिकीट हिरोचं काढतात, भाजीचं नाही.

१८ एप्रिल, दुपार
आजची तारीख लक्षात ठेवावी लागेल.

मॅनेजरनं सगळ्यांना ऑफिसच्या तंबूत बोलावलं. म्हणाला, हातात रोकड कमी आहे. ज्याला आज हवेत त्याला निम्मे देतो, विषय संपला. ज्याला थांबायचं आहे त्यानं पिक्चरमध्ये हिस्सा घ्यावा. सगळे निम्म्याच्या रांगेत. लंबू पहिला. मिस्त्रीसुद्धा. माझे निम्मे म्हणजे बेचाळीस हजार. टेबलावर मोजून ठेवलेले, वर रबर.

मी म्हटलं, हिस्सा.

मिस्त्रींनी माझा दंड धरला आणि कानात म्हणाले, बाबा, बहिणीची फी आहे ना, उचल आणि चालू लाग. मी दंड सोडवला. बेचाळीस उचलायला अक्कल लागत नाही.

मॅनेजर हसत म्हणाला, हिस्सा कशात पाहिजे बोल, ग्रॉसमध्ये की नेटमध्ये? हिरो ग्रॉसमध्ये घेतो.

मला अडाणी समजला. पाच वर्षं सुतारांबरोबर काढली आहेत, ग्रोस मला कळत नाही? स्क्रू ग्रोसवरच येतात. बारा डझन. एकशे चव्वेचाळीस. पाकिटावर लिहिलेलं असतं. एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये एकशे चव्वेचाळीस घेऊन मी काय करू? हिरो घेत असेल, त्याला हिशोबाला वेळ कुठे. आणि नेट म्हणजे काय ते कुणी सांगायला नको. आई लहानपणापासून सांगत आली आहे, नेटानं काम कर. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, ग्रॉस नको, नेट द्या.

मॅनेजर इतका खूश झाला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद केला, सही घेतली. शून्य पॉइंट शून्य एक टक्का. इतरांच्या पाकिटात शून्यं शेवटी येतात, माझी सुरुवातीलाच दोन.

हिशोब: खर्च तीनशे वीस, कमाई तिप्पट, म्हणजे नफा सहाशेच्या वर. त्यातले माझे सहा लाख. पिक्चर लागतोय २३ मे. फीची तारीख १२ जून. मधे वीस दिवस. आरामात.

१९ एप्रिल
घरी सांगितलं, मी आता पार्टनर आहे. आईनं विचारलं, कुणाचा? दादानं फोन घेतला आणि एकच विचारलं, रोख देत होते का? मी म्हटलं, देत होते, मी नाकारले. दादा काहीच बोलला नाही. बराच वेळ. फोनचं बिल वाढत होतं.

माझा प्रभाव पडला असावा.

२३ मे
पिक्चर लागला. लंबूला घेऊन पहिला खेळ बघितला. तिकीट स्वतःच्या पैशानं काढलं. पार्टनरनं गल्ल्यात भर घालावी, म्हणून लंबूचंही मीच काढलं.

महाल ओळखू आला नाही. वरचे चार मजले कंप्युटरनं चढवलेत, आणि तिसऱ्या गाण्यानंतर कंप्युटरनंच तो जाळला. कारंजं चार सेकंद. माझं दार दोन सेकंद, हिरोच्या कोपरामागे. पण ज्याला नजर आहे त्याच्यासाठी दोन सेकंद पुष्कळ.

मध्यंतरानंतर निम्मे लोक परत आले नाहीत. भारावून गेले असणार. माझ्या शेजारचे काका मान खाली घालून अगदी तल्लीन. लंबू म्हणतो घोरत होते.

२६ मे
पेपरात मोठ्या अक्षरात: तीन दिवसांत शंभर कोटी. कात्रण कापून वहीत चिकटवलं. दादाला फोन करून वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, त्यात थिएटरवाल्याचे किती? किती क्षुद्र विचार करतो हा माणूस.

धाकटीला म्हटलं, फी तर झालीच, तुला बूट आणि घड्याळ पण. नर्सला घड्याळ लागतं. ती म्हणाली, आधी फी, दादूस. मला ती लाडात आली की दादूस म्हणते. काळजीत असली तरी म्हणते.

३१ मे
थिएटरात आज आमच्या पिक्चरच्या जागी दुसरा लागला. दोन मित्र आणि एक स्कूटर, बास. स्कूटरसुद्धा उसनी वाटते. बाहेर हीऽ रांग. लोकांची आवड बिघडली आहे.

२ जून
मॅनेजरकडे गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं चहा मागवला आणि मला ग्रॉस आणि नेट समजावून सांगितलं. एका घोटात.

ग्रॉस म्हणजे गल्ल्यात आलं ते सगळं. नेट म्हणजे सगळ्यांनी सगळं काढून घेतल्यावर तळाला उरतं ते. स्क्रूचा काही संबंध नाही.

गल्ला दोनशे ऐंशी झाला. त्यातले निम्मे थिएटरवाल्यांनी ठेवले. उरले एकशे चाळीस, खर्च तीनशे वीस. नेट उणे एकशे ऐंशी कोटी. मी विचारलं, मग माझं? मॅनेजरनं मोबाईलवर गुणाकार केला. माझा हिस्सा उणे एक लाख ऐंशी हजार. म्हणाला, काळजी करू नकोस, शेठ मागणार नाहीत.

चांगला माणूस आहे. मी त्याचे आभार मानून बाहेर आलो. जिन्यात कळलं की आभार कशाचे.

५ जून
धाकटीला सांगितलं, पैसे बँकेत अडकलेत. तिनं विचारलं, कुठल्या बँकेत? मी म्हटलं, मोठ्या.

तसं बघितलं तर यात चूक माझी नाही. दोन मित्र आणि स्कूटर सोडून कुणाचंच काही चुकलेलं नाही.

मिस्त्रींना उसने मागायला गेलो. त्यांनी निम्मे घेतले होते, त्यातून घरी छप्पर टाकून झालंय. फोटो दाखवला. छान झालंय. मागायचं राहिलं.

८ जून
सेट पाडायचं काम निघालं. चार दिवस, रोज साडेसहाशे, रोख. पार्टनरनं करावं असं काम नाही, पण कंपनीचा माल नीट उतरतो की नाही ते बघायला कुणीतरी आपलं माणूस हवं, म्हणून गेलो.

पाडायला सोपं आहे. जे जास्त जुनं केलं होतं ते आतून एकदम नवीन निघालं.

११ जून, संध्याकाळ
धाकटीचा फोन. बँकेचं विचारलं नाही. सरळ म्हणाली, मी कॉलेजात जाऊन मॅडमना भेटले, हप्त्यांची परवानगी काढली. पहिला हप्ता दहा हजार, उद्या बारा वाजेपर्यंत. उरलेली फी सकाळी दवाखान्यात काम करून भरणार, तेही ठरवून आली. दादानं एक चालू इस्त्री विकली. मी म्हटलं, चालू का, बंद विकायची ना. म्हणाली, बंद कोण घेतं? आईनं कपाटातले काढले. तरी कमी आहेत, किती ते ती सांगेना.

मी म्हटलं, ऐक, पिक्चर अजून टीव्हीला विकायचा बाकी आहे, परदेशात लागायचा बाकी आहे, तिथं जर तिप्पट…

तिनं मला मधेच थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, दादूस, येतील ते नको सांगू. आत्ता हातात आहेत ते सांग. जेवढे असतील तेवढे. कमी पडले तर दवाखान्यातल्या बाईंकडे उचल मागायची आहे, आणि त्यांना बरोबर आकडा सांगावा लागतो. त्यांच्यासमोर तोंडघशी पाडू नकोस.

मागून दादाचा आवाज आला, त्याला जेवलास का विचार. ती म्हणाली, जेवलास का विचारतोय.

मी म्हटलं, उद्या सकाळी आकडा सांगतो.

१२ जून, सकाळ ९.१०
चार दिवसांचे दोन हजार सहाशे. खानावळीचे दोनशे चाळीस दिले. बाकी कुणाकडून काही येणं नाही. कात्रण फाडून टाकलं.

धाकटीला फोन केला, आकडा सांगितला. तिनं परत विचारला. मी परत तोच सांगितला. ती म्हणाली, बरं, एवढे धरते.

पैसे पाठवायच्या दुकानासमोर उभा आहे, शटर वर होतंय. पाठवतोय दोन हजार तीनशे साठ.