चुलीमागची काजळी

ती. आईस, पायांवर डोकं ठेवतो. आज वर बघायचं धाडस नाही.

तब्येत छान, जेवण वेळेवर.

उत्खननात सापडलेलं हजारो वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर लोकांना दाखवायचं, म्हणून मी साफ करत होतो. चुलीमागची काळी भिंत घासून लख्ख केली! साहेब बघतच राहिले. हळूच म्हणाले, “अरे, ती काजळी त्या घरची होती.” ओरडले असते तर बरं झालं असतं गं.

काल बघायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, “इथे चूल कधी पेटलीच नाही का?” मी हातातला ब्रश पाठीमागे लपवला.

बाबांचा खोकला कसा आहे? आपली चुलीमागची भिंत रंगवून घे म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो ना? रंगवली नसशील तर राहू दे.

तुझा,
टापटीप लेक